नबीलाल मिस्त्रीचा लोखंडी भाता

आमचे सासरे नबीलाल मिस्त्री गेले. परवा चाळिसावा झाला. मान्सं आली, जेवली, हातावर पानी घेता घेता एकमेकाला सांगत व्हती, मिस्त्री म्हंजे मिस्त्री व्हता, इंजनाला कान लावून आजार सांगायचा. खरं हाय समदं. पन भात्याची गोष्ट कुनी काढली न्हाय. काढनारी मान्सं तरी कुठं ऱ्हायलीत? शेजारचा बलभीम गेला, ट्रकवाले सिद्धलिंगअप्पा कवाच गेले, आन जिनं ती सोसली ती जमिलाबी, सासऱ्यांची थोरली भैन, तिला जाऊन तर लई वर्सं झाली. तिनं ही गोष्ट मला, घरच्या सुनेला, भाकरी थापता थापता किती येळा सांगितली त्याला गिनती न्हाय. सांगताना हात थांबायचा, आन भाकर काठवटीतच वाळून जायाची. ती सांगायची तशीच हितं लिवली हाय. तिच्या लेखी ते सासरे न्हवते आन मिस्त्री बी न्हवते. नुस्ता नबीलाल. तवा हितं बी नबीलालच.

बाभळसर म्हंजे सोलापूर-हैद्राबाद सडकेवरचं, नळदुर्गाच्या अलीकडचं गाव. सडकेला लागून नबीलालची पत्र्याची शेड, शेडमागं दोन खोल्या, खोल्यांमागं हीर. मायबाप लवकर गेले. जमिलाबी नवरा मेल्यावर माघारी आली ती, दोन भावांची आपा, त्यांची आय हूनच ऱ्हायली. मधला फकीर, धाकटा नबीलाल.

फकीर लॉरी चालवायचा. निजाम गेला त्या साली, पोलिस अॅक्शनच्या दिवसांत, दोन मान्सं दारात आली. म्हनली, "चल जरा, इचारायचंय." एवढंच. फकीरनं पायात चप्पल बी घातली न्हाय. "आलोच आपा," म्हनला. तव्यावर त्येची भाकर व्हती. ती भाकर करपली, वाळली, जमिलाबीनं ती आठ दिस टाकली न्हाय. फकीर आलाच न्हाय. कुनी मारला, कुठं पुरला, का कुठं पळून गेला, आजपातूर कळालं न्हाय. त्येचं चुकलं काय ते बी न्हाय. ज्यानं पगार दिला त्येची लॉरी चालवली, बस.

तवापास्नं जमिलाबीच्या अंगात भ्या शिरलं ते शिरलंच. घरात तिचे कायदे व्हते. दिवसा दार लावायचं न्हाय, म्हंजे कुनी म्हनू नये की आत काय चाललंय. कुठल्या वस्तूवर पोतं झाकायचं न्हाय. मोठ्यानं भांडायचं न्हाय, मोठ्यानं हासायचं बी न्हाय. सडकेला जीप वाजली की ती हातातलं टाकून आदी नबीलाल कुठं हाय ते बघायची. नबीलाल बी तसाच. अंगानं दांडगा, हात घनासारखा, पन खाकी कापड दिसलं की मुठीतला पाना खाली. पोरीसोरी बी हासायच्या.

अशीच वर्सं गेली. राज्य बदललं, पाट्या बदलल्या, चौकीवरचे जमादार बदलले. हिचं भ्या हाय तिथंच.

आता ट्रकाचं सांगते. मुरुमचे सिद्धलिंगअप्पा अडतीचा धंदा करायचे. त्यांच्याकडं लढाईतला जुना ट्रक व्हता, मिलिटरीनं मोडीत काढल्याला, पेट्रोलवरचा. ज्वारी-तूर भरून सोलापूरला जायाचा, येताना लोखंड, मीठ, सिमिट. त्येची डागडुजी नबीलालकडं. आन येताना बाभळसरच्या पुढं एक चढ लागायचा. लई वाईट चढ. एका अंगाला डोंगर, एका अंगाला खाली ओढा. निम्म्यात गेलं की ते म्हातारं इंजन खोकायचं, धाप टाकायचं, पैल्या गेरात बी उभंच ऱ्हायाचं. म्हनून क्लीनर गोरोबा लाकडाचा ठोकळा घिऊन मागनं चालायचा. ट्रक थांबला की ठोकळा चाकाखाली, निम्मी पोती खाली, निम्मी वर सोडून या, मग फिरून ऱ्हायलेली भरा.

एकदा नबीलाल पोत्यांवर बसल्याला असताना ठोकळा निसटला. ट्रक मागं मागं. बिरेक लागंना. मागचं चाक एका धोंड्याला अडलं म्हनून जीव वाचले, त्या धोंड्याच्या पल्याड ओढाच व्हता. घरी येऊन त्यानं जमिलाबीला समदं सांगितलं.

जमिलाबी म्हनली, "फिरून त्या ट्रकात बसायचं न्हाय."

"म्या न्हाय बसलो तर गोरोबा बसंल, आपा. अप्पा बसतील."

"बसू दे. माझा तू येकच हायस."

तो आथरुनावर जाऊन पडला. पन भ्यालेल्या मान्साला झोप येत न्हाय, आन झोप न्हाय आली की त्येचं डोकं चालतं. त्येच्या डोक्यात इंजनाचा दम बसला.

सोलापूरच्या एका गिरणीत त्यानं दोन वर्सं फिटरच्या हाताखाली काढली व्हती. तिथं हवा वढायचा एक पंप उघडल्याला त्यानं बघितला व्हता. तो आठवला. जमिलाबी चुलीम्होरं बसली व्हती, तिथं येऊन भुईवर बसला आन म्हनला, "आपा, एक बांगडी काढा हातातली."

"का रं?"

"काढा तर."

तिनं काढली. त्यानं ती भुईवर ठिवली, आत तपकिरीच्या डबीचं झाकन ठिवलं. मधोमध न्हाय, एका कडंला चिकटून. "ही बांगडी म्हंजे भांडं. हे झाकन म्हंजे रूळ. बघा, हिकडं जागा लई, तिकडं जागाच न्हाय. आता रुळाला चार खाचा पाडायच्या आन खाचांत पट्ट्या सोडायच्या, मोकळ्या. रूळ गरगर फिरला की पट्ट्या आपसूक भाईर सरकत्यात, भांड्याला घासत जात्यात. हिकडच्या मोठ्या जागंत हवा कवळ्यात घेत्यात, फिरवत फिरवत तिकडच्या बारक्या जागंत नेत्यात. तिथं हवा दाबली जाती. ती दाबल्याली हवा इंजनात."

"आन त्येनं काय व्हतं?"

"चुलीत लाकडं तेवढीच असत्यात. तुमी फुंकनीनं फुंकलं की जाळ का व्हतो? इंजनाला बी फुंकनी पायजे. लोहाराचा भाता म्हना. गरगर फिरनारा भाता."

जमिलाबीनं बांगडी उचलून हातात घातली. "लई फुंकलं की ठिनग्या उडत्यात रं बाबा. घर जळतं."

तो भुईकडं बघत म्हनला, "ते बी ध्यानात हाय."

मग सुरू झालं. नळदुर्गाच्या भंगारातनं मोडक्या ऑइल इंजनाची बिडाची नळी आनली, पिस्टन ज्यात खालीवर व्हतो ती. ते झालं भांडं. दोन्ही तोंडाला लोखंडी झाकनं बसवली, रुळाचं भोक मधोमध न्हाय तर सरकवून पाडलं. रूळ सोलापूरला लेथवर उतरवून घेतला. खाचा मातुर हातानं. करवतीनं कापायच्या, कानशीनं घासायच्या. दिवसभर ट्रकांची कामं, आन रिकामा झाला की कर्र कर्र, कर्र कर्र. शेडच्या दारात बसून घासायचा, कारन दार लावायचं न्हाय. येनारा-जानारा बघायचा. जमिलाबीला ती कानस तिच्याच हाडावर चालल्यावानी वाटायची.

पैल्या पट्ट्या सागाच्या केल्या. चार मिनिटं फिरल्या आन फाटून भुस्सा झाला. लोखंडाच्या केल्या तर भांड्याला ओरखडे. मग नळदुर्गात शिंगाच्या फण्या करनारा एक म्हातारा व्हता, त्येच्याकडनं हा म्हशीची शिंगं घिऊन आला. शिंग हलकं, चिवट, तेल लावलं की गुळगुळीत. पन ते सरळ करायला तेलात तापवावं लागतं. घरच्या कढईत, जमिलाबीच्या चुलीवर. त्या वासानं आळी उठली.

शेजारची तारामती, बलभीमची बायको, भिताडावरनं डोकावली. "जमिलाबी, काय शिजिवताय गं? नाकातले केस जळाले माझ्या."

"शिंग हाय. म्हशीचं हाय. म्हशीचंच हाय, तारामती, फणीवाल्या म्हाताऱ्याला इचार, म्हशीचं हाय."

"अगं बाई, हत्तीचं असू दे. दार लावून घे तेवढं."

"दार लावत न्हाय आमी," जमिलाबी म्हनली. तिचा घाम कपाळावरनं कढईत पडत व्हता, तेल तडतडायचं आन ती दचकायची.

बलभीमला समद्याचीच चेष्टा करायची खोड. एक दिस शेडम्होरं उभा ऱ्हायला. ते गोल बीड, त्येला भाईर आल्याली जाड नळी, बघून म्हनला, "नब्या, तोफ वतायलास का रं? कुनावर डागायची?"

"तुझ्यावर."

"माझ्यावर कशाला दारू वाया घालवतोस, तारामती हाय की."

चारचौघं हासले. नबीलाल बी हासला. जमिलाबी आत व्हती. तिच्या कानात 'तोफ' तेवढी ऱ्हायली. भाईर येऊन ती बलभीमला म्हनली, "भाऊ, तुमच्या पाया पडते, त्यो सबुद फिरून काढू नगा." बलभीम अजून हासला. त्येला कसं कळावं?

अप्पा ट्रक घिऊन आले तवा भाता पैल्यांदा इंजनाला बसवला. इंजनाच्या म्होरल्या चाकीवरनं पट्टा, पट्ट्यानं भाता फिरनार. कार्बोरेटर भात्याच्या तोंडावर बसवला, म्हंजे हवा आन पेट्रोलची वाफ दोन्ही भात्यातनं जानार. तेलाला एरंडेल, थेंब थेंब. इंजन सुरू झालं. आदी गुरगुर, मग हजार गांधीलमाशा एका डब्यात कोंडल्यावानी आवाज. नबीलालच्या तोंडावर हासू आलं. तेवढ्यात इंजनानं उलटा जाळ मारला. नळीतल्या वाफंनं पेट घेतला आन असा बार झाला की झाडावरचे कावळे उठले, सडकेवरचा बैल गाडी घिऊन शेतात शिरला. निळा जाळ हातभर भाईर. नबीलालच्या भुवया जळाल्या.

जमिलाबी धावत आली ती त्येचं तोंड दोन्ही हातांत घिऊन बघत ऱ्हायली. डोळे हायत. कान हायत. मग पदरानं त्येच्या कपाळावरची काजळी पुसली.

बलभीम सडकेवरनं वरडला, "उडाली का रं तोफ?"

आता ही चेष्टा गावातच ऱ्हायली असती तर काय न्हवतं. पन ती बाजाराला गेली. नळदुर्गाच्या बाजारात बाभळसरची, नबीलालची वळख नसल्याली मान्सं. तिथं ती चेष्टा ऱ्हायली न्हाय. अमक्या गावात एक मुसलमान मिस्त्री, शेडमंदी लोखंडाची कायतरी वस्तू, मोठा बार झाला, जाळ निघाला. असं फिरत फिरत चौकीपातूर गेलं.

नबीलालला ठाव न्हवतं. तो उलट्या जाळाच्या मागं लागला व्हता. त्यानं नळीला एक भोक पाडलं, त्येच्यावर झाकन बसवलं, झाकनावर स्प्रिंग. "आता उलटा जाळ आला तर झाकन उघडंल आन जाळ वर जाईल, आपा. भांडं फुटनार न्हाय." जमिलाबीला झाकनाचं काय कौतिक न्हवतं. तिला दिवसातनं धा येळा सडकेला जीप वाजल्यावानी वाटत व्हतं.

मग कोतवाल निरोप घिऊन आला. हिंमतराव जमादार उद्या सकाळी येनार. शेडमधली वस्तू बघायची हाय.

नबीलालनं हातातला पाना खाली ठिवला. म्हनला, "बरं झालं. बघू दे की. म्या आत्ताच मुरुमला जातो, अप्पांना ट्रक घिऊन यायला सांगतो. ट्रकावर बसवून दाखवलं की झालं." आन गेला, वाटंत भेटल्याल्या लॉरीतनं.

जमिलाबी एकलीच ऱ्हायली. घरात ती, आन शेडात ती वस्तू. दिवस मावळत आला. ती शेडच्या दारात उभी राहून तिच्याकडं बघत ऱ्हायली. गोल, काळी, नळी भाईर काढल्याली. आता तिला बी ती तोफच दिसाय लागली.

अॅक्शनच्या साली मान्सांनी हिरीत काय काय टाकलं व्हतं! ज्यांच्याकडं बंदूक व्हती त्यांनी बंदूक. ज्यांच्याकडं काय न्हवतं त्यांनी कोयती, सुऱ्या, सुपारी कातरायचा अडकित्ता सुदिक. फकीर गेल्यावर जमिलाबीनं त्येच्या लॉरीचं हँडल टाकलं व्हतं. लोखंड म्हटलं की हीर. तिला दुसरं कायच सुचलं न्हाय. उचलवंना, तवा पोत्यावर घालून वढत नेली, आन काठावरनं ढकलली. केवढा तरी आवाज झाला.

भिताडापल्याडनं तारामती म्हनली, "जमिलाबी, काय पडलं गं?"

"घागर."

"घागर एवढी वाजती व्हय?"

"भरल्याली व्हती."

तारामतीनं भिताडावरनं हिरीकडं बघितलं. मग म्हनली, "बरं बाई. भरल्याली असंल," आन आत गेली.

सकाळी ट्रक आला आन पाठोपाठ जमादार बी आला, दोन शिपाई घिऊन. हिंमतराव जमादार मोठ्या मिशांचा, पोट सुटल्याला, वाईट मानूस न्हवता पन वस्तू बघायला आलाय म्हंजे बघनारच. गाव गोळा झालं. नबीलालनं रामराम केला, सलाम केला, काय करावं कळंना म्हनून दोन्ही केलं. "या साहेब, हितं हाय," म्हनून शेडात शिरला.

तिथं काय न्हाय. भुईवर नुस्ता तेलाचा डाग.

नबीलालचं तोंड चुन्यावानी झालं. "हितंच व्हती," म्हनला. पालथी घमेली उचलून बघितली, टायरामागं बघितलं. "हितंच व्हती साहेब, खुदाची कसम."

"व्हती. आन आता न्हाय."

"साहेब, ठाव न्हाय मला."

"तुझी शेड, तुझी वस्तू, आन तुला ठाव न्हाय?" जमादारानं मिशीवर हात फिरवला. "बरं. मग चल जरा चौकीवर. तिथं आठवंल."

नबीलाल निघाला. चप्पल बी घातली न्हाय. जमिलाबी घराच्या दारात उभी व्हती. ती पुढं सांगायची, बाई, मला तवा नबीलाल दिसतच न्हवता, फकीरची पाठ दिसत व्हती. ती वरडली. आवाज तिचा तिला वळखू आला न्हाय.

"हिरीत हाय! म्या टाकली! त्येला न्हेऊ नगा, म्या टाकली!"

जमादार वळला. "हिरीत टाकली? अगं बाई, चांगली वस्तू कुनी हिरीत टाकतं का?"

तारामती म्होरं झाली, पदर डोक्यावर वढून. "जमादारसाहेब, भिऊन टाकली तिनं. म्या ऐकलं पडताना. ती डब्याचं झाकन पडलं तरी भिती, साऱ्या गावाला ठाव हाय." मग नवऱ्याकडं वळली, "आन तुमी काय बघताय? तोफ तोफ करून तोंड कुनाचं चाललं व्हतं? उतरा आता हिरीत."

बलभीम मान खाली घालून म्हनला, "साहेब, चेष्टेनं म्हनलं व्हतं म्या." आन धोतर खोचून हिरीत उतरला. दोनदा बुडी मारली, तिसऱ्यांदा दोर बांधला. चौघांनी वढून काढली. वस्तू काठावर आली, नळीतनं पानी गळत.

सिद्धलिंगअप्पा म्हनले, "जमादार, ही तोफ न्हाय, माझ्या ट्रकाचा भाता हाय. ट्रक चढावर दमतो, त्येला हवा पुरवायला केलाय."

"मग दावा चालवून. तोच चढ, तोच ट्रक, भरल्याला. म्या आत बसनार. चढला तर इंजनाचा भाग. न्हाय चढला तर मिस्त्री माझ्यासंगं."

नबीलालनं भाता उघडला. पानी वतून काढलं, रूळ पुसला, आन पट्टी वढाय गेला तर हलंना. शिंग रातभर पानी पिऊन फुगलं व्हतं. चारी पट्ट्या खाचांत आवळून बसल्याल्या. पट्ट्या भाईर सरकल्या न्हाईत तर हवा दाबनार कोन?

"साहेब, दोन दिस वाळू द्या."

"दोन दिसांत तू कुठं आन वस्तू कुठं. आजच."

जमादार बाजंवर बसून च्या पिऊ लागला. नबीलाल कंदिलाची फुटकी काच घिऊन पट्ट्या तासाय बसला. घाईत काच घसरून बोटाला लागली. जमिलाबी त्येच्या बाजूला बसली, दुसरी काच घेतली. तिला वाटत व्हतं, पट्टीबरुबर आपलं काळीज बी तासतोय. तो तिच्याकडं न बघता हळूच म्हनला, "कशाला टाकलीत आपा?"

"तुला न्हेतील म्हनून."

त्यानं एक पट्टी उजेडात धरून बघितली. "ह्या आज तासल्या की वाळल्यावर ढिल्या पडतील. भाता आजच्यापुरताच."

"आजच्यापुरताच चालू दे," ती म्हनली. "अल्ला, आजच्यापुरताच."

पट्ट्या सरकाय लागल्या. एरंडेल लावलं, भाता बसवला, पट्टा ताणला. ट्रकात अप्पांनी मुरुमहूनच भरून आनल्याल्या लोखंडाच्या सळया आन मिठाची पोती. ट्रक चालवाय नबीलाल, बाजूला जमादार, दारापाशी अप्पा, मागं पोत्यांवर दोन शिपाई. चढाच्या पायथ्याला ट्रक थांबला, तिथं गोरोबा ठोकळा घिऊन उतरला. जमिलाबी गावापास्नं पळत आल्याली. तिनं त्येच्या हातातला ठोकळा धरला.

"दे हिकडं."

"आक्का, तुमच्यानं व्हायचं न्हाय. चाकाखाली सापडाल."

"माझ्या भावामागं म्याच चालनार. सोड."

गोरोबानं सोडला.

ट्रक निघाला. गांधीलमाशांचा आवाज डोंगरावर आपटून माघारी याय लागला. जमिलाबी मागच्या चाकाच्या हातभर मागं, ठोकळा पोटाशी धरून. चाकाकडंच बघत व्हती. आता थांबंल, आता मागं येईल. तो धोंडा आला, चाक अडलं व्हतं तो. हितंच इंजन मरायचं. ती वाकली, ठोकळा म्होरं केला.

चाक थांबलंच न्हाय.

चाक लांब गेलं. दोन हात, चार हात, धा हात. ती पळाय लागली. ट्रक अजून लांब. तिच्या ध्यानात आलं की आता ट्रक माघारी आला तर चाकामागं कुनीच न्हाय. आन ट्रक जोरात चाललाय म्हनून तिला गाठता येत न्हाय. "हळू!" ती वरडली. "नबीलाल, हळू!" कोन ऐकतंय? ट्रक वळनाआड गेला.

आन बार झाला.

इंजन घडीभर खोकत ऱ्हायलं, मग आवाजच न्हाय. गांधीलमाशा न्हाईत, इंजन न्हाय, कायच न्हाय.

जमिलाबी म्हनायची, त्या वळनापातूर म्या पळाली का चालली का रांगली मला ठाव न्हाय. आता ट्रक वरनं येईल, त्यात नबीलाल न्हाय येनार, एवढंच ठाव व्हतं. डोंगराला एका हातानं धरत धरत ती वळन वळली.

ट्रक वर उभा व्हता. चढ संपल्याच्या म्होरं, सपाटीवर. इंजनावरचं झाकन उघडं, त्यातनं पांढरा धूर. जमादार टोपी हातात घिऊन सडकेच्या कडंला उकिडवा बसल्याला, तोंड घामानं भिजल्यालं. नबीलाल त्येच्याम्होरं हात जोडून उभा. जमादार उठला आन त्यानं नबीलालच्या खांद्यावर हात ठिवला.

जमिलाबी दोघांच्या मधी जाऊन उभी ऱ्हायली. ठोकळा डोक्याच्या वर उचलल्याला.

"बाई," जमादार म्हनला, "ते लाकूड खाली घे आदी."

तिनं घेतलं न्हाय.

अप्पा म्हनले, "जमादार, चढला का न्हाय? एक पोतं उतरवलं न्हाय."

"चढला. पन तोफ न्हाय म्हनता आन बार काढता! जीव गेला असता माझा."

"बार झाला पन फुटलं का काय? झाकन उघडलं, जाळ वर गेला. इंजन फिरून चाललं, वर येऊनच बंद केलंय. तुमीच 'बंद कर, बंद कर' करत व्हता."

जमादारानं तोंड पुसलं. लई येळ त्या भात्याकडं बघितलं. मग म्हनला, "मानूस घरी जाऊ दे. वस्तू चौकीवर ऱ्हाईल. फिरून असलं काय करायचं न्हाय. कळलं का मिस्त्री?"

"कळलं साहेब."

अप्पा भांडाय लागले, माझ्या ट्रकाचा भाग हाय, कसा नेता. नबीलालनं त्यांचा हात धरला. पाना घेतला, नटबोल्ट काढले. भाता अजून गरम व्हता, फडक्यात गुंडाळून त्यानं दोघा शिपायांच्या हातात दिला. इतके दिस, इतकी कानस, समदं दिलं. मागं वळून बघितलं न्हाय. पुढं ती वस्तू चौकीतनं कुठं गेली कुनाला ठाव न्हाय. अप्पांनी पुढं डिझेलचा ट्रक घेतला, नबीलालचं लगीन झालं, त्यानं जल्मभर दुसऱ्यांची इंजनं दुरुस्त केली, पन नवं काय बनवलं न्हाय. कुनी इचारलं तर म्हनायचा, आपाला सोसत न्हाय.

त्या दिवशी अप्पा म्हनले, "बसा ट्रकात, फिरवून सोडतो घरी." जमिलाबी बसली न्हाय. ती चढ उतरून पायी निघाली, आन नबीलाल तिच्या बाजूनं. धोंड्यापाशी आल्यावर तो म्हनला, "आपा."

"काय."

"गाडी दुसऱ्या गेरात चढली. हितनं वर, साऱ्या चढाला, दुसऱ्या गेरात."

तिनं त्येच्याकडं बघितलं. भुवया जळाल्याल्या, बोटाला फडकं, आन तो हासत व्हता. मोठ्यानं, डोंगराला ऐकू जाईल असा. तिनं त्येला गप म्हनायला तोंड उघडलं, आन म्हनली न्हाय. तिचे पाय थांबले.

"तू म्होरं चाल," ती म्हनली.

"का?"

"चाल म्हनते न्हवं. म्होरं चाल. मला दिसत ऱ्हा."

तो म्होरं झाला. ती मागनं, ठोकळा पोटाशी तसाच धरून, त्येच्या पाठीवरनं नजर न हालवता.